फालूनच्या खाणीत उतरायचंय? स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा

स्वीडनच्या सहलीचं बुकिंग झालं की पहिला प्रश्न हमखास येतो : "जुलैत जातोय, मग गरम कपडे कशाला?" कारण फालूनची तांब्याची खाण. बाहेर कितीही ऊन असो, आत बारा महिने 5 ते 6 अंशच असतात. वरून पाणी ठिबकतं, पायऱ्या ओल्या असतात.

बहुतेक जण स्वेटर आणतात, पण तो मोठ्या बॅगेत आणि ती बॅग बसच्या डिकीत सगळ्यांत खाली. मग खाणीच्या दाराशी पोहोचल्यावर बॅगा उपसायच्या. खाली नेणारा मार्गदर्शक तिथला असतो, त्याची वेळ ठरलेली असते आणि तो थांबत नाही. एका स्वेटरपायी अख्ख्या ग्रुपची फेरी चुकते. म्हणून आम्ही आदल्या रात्रीच स्वेटर, कानटोपी आणि घट्ट बूट काढून ठेवायला लावतो. काहींना ही शिस्त जाचक वाटते, पण आम्ही ती सोडत नाही. हेल्मेट आणि वरून घालायचा झगा तिथे मिळतो. झग्याने कपडे मळत नाहीत, थंडी मात्र वाजतेच.

नुसता वरचा खड्डा दाखवून परतणाऱ्या सहली स्वस्त पडतात. तो खड्डा बघण्यासारखा आहेच. 1687 मध्ये खाण कोसळून तो तयार झाला, आणि मिडसमर या तिथल्या उन्हाळी सणाची सुट्टी असल्याने आत कोणीच नव्हतं. पण खाणकामगारांचं जगणं कळतं ते खालीच. खडकाला लाकडं रचून आग लावायची, तापून तडकला की फोडायचा. त्यामुळे दालनांच्या भिंती आजही गोलसर दिसतात. 1677 मध्ये बेपत्ता झालेल्या मॅट्स नावाच्या खाणकामगाराचं प्रेत 1719 मध्ये खाणीतल्या पाण्यात सापडलं, तेही जसंच्या तसं, कारण त्या पाण्यातल्या क्षारांनी ते कुजू दिलं नव्हतं. एव्हाना म्हातारी झालेल्या त्याच्या वाग्दत्त वधूने त्याला ओळखलं. खाण 1992 मध्ये बंद झाली आणि 2001 मध्ये जागतिक वारसा यादीत आली. हे सगळं आमचा टूर मॅनेजर आदल्या संध्याकाळी मराठीत सांगतो, म्हणजे खाली मार्गदर्शकाचं इंग्रजी निसटलं तरी अडत नाही.

गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत घाबरायला होत असेल, तर बुकिंगच्या वेळीच सांगा. पायऱ्या शेकड्यांनी आहेत आणि बाबागाडी खाली नेता येत नाही. अशांना आमचा माणूस खड्ड्याच्या काठाने फिरवून आणतो, संग्रहालयही दाखवतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.