डिजिटल स्कोपवरची फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स मोजणी आणि तिच्यातल्या चुका

सर्किटला वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीची साइन वेव्ह दिली तर आउटपुट किती मोठं येतं आणि किती मागेपुढे सरकून येतं, याचा आलेख म्हणजे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. गेन (आउटपुट इनपुटच्या किती पट) डीबीमध्ये (डेसिबल, २० डीबी म्हणजे दहापट), फेज (किती मागेपुढे सरकलं ते) अंशांमध्ये आणि आडव्या अक्षावर लॉग स्केलवर फ्रिक्वेन्सी, ही मांडणी बेल लॅब्समधल्या हेन्ड्रिक बोडे यांनी १९३०च्या दशकात केली म्हणून तिला बोडे प्लॉट म्हणतात. आपल्याकडे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या बहुतेकांनी हा प्लॉट हाताने काढलेला असतो, सीई (कॉमन एमिटर) ॲम्प्लिफायरचं प्रॅक्टिकल, जनरेटरचा नॉब फिरवायचा, सीआरओवर (जुन्या ऑसिलोस्कोपवर) पीक टू पीक वाचायचं, टेबल भरायचं आणि मग सेमीलॉग पेपरवर ठिपके जोडायचे. आताचे बरेच डिजिटल स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नलची वेव्ह पडद्यावर दाखवणारं यंत्र) हेच काम आपोआप करतात. चॅनल १ सर्किटच्या इनपुटवर, चॅनल २ आउटपुटवर, आणि स्कोपच्या आतला किंवा बाहेरून जोडलेला जनरेटर एकेका फ्रिक्वेन्सीवर थांबत पुढे जातो, स्कोप दोन्ही चॅनलचा रेशो आणि फेजमधला फरक काढतो आणि रेघ ओढतो.

सोय मोठी आहे, पण एक गोष्ट हातची जाते. हाताने मोजताना प्रत्येक ठिपक्याला वेव्ह डोळ्यासमोर असते, ती कापली गेली, तिच्यावर नॉइज बसला, तिचा त्रिकोण झाला तर लगेच दिसतं. ऑटोमॅटिक स्वीपमध्ये फक्त गुळगुळीत रेघ दिसते आणि ती नेहमी खरीच वाटते. ती रेघ एकट्या सर्किटची नसते, जनरेटर, केबल, प्रोब (सर्किटला टेकवायची टोकदार वायर), स्कोपचं फ्रंट एंड (सिग्नल आत घेणारा भाग) आणि सर्किट या सगळ्यांची मिळून असते, आणि बाकीच्यांचा भाग दोन्ही चॅनलवर सारखा असेल तरच तो भागाकारात उडून जातो. चुका शोधायच्या म्हणजे हा सारखेपणा कुठे मोडलाय ते शोधायचं.

आधी सरळ रेघ

म्हणून सर्किटला हात लावायच्या आधी दोन्ही प्रोब एकाच बिंदूवर, म्हणजे जनरेटरच्या आउटपुटवरच लावून एक पूर्ण स्वीप घ्यायचा. गेन ० डीबी आणि फेज ० अंश अशी सपाट रेघ आली पाहिजे. अगदी शून्य येणार नाही, साध्या स्कोपमध्ये प्रत्येक चॅनलची गेन ॲक्युरसी साधारण ३ टक्के धरतात, म्हणजे पाव डीबी, दोन चॅनल विरुद्ध बाजूला चुकले तर अर्धा डीबी, तेवढं चालतं. त्याहून जास्त असेल किंवा रेघ वाकडी असेल तर सर्किटमधले पार्ट बदलत बसण्यात काही अर्थ नाही, चूक अजून मोजणीतच आहे. पुढची चाचणी म्हणजे दोन प्रोबची अदलाबदल, बिघाड प्रोबबरोबर दुसऱ्या चॅनलवर गेला तर प्रोब दोषी, जागेवरच राहिला तर चॅनल किंवा त्याची सेटिंग.

रेघ सगळीकडे सारखीच वर किंवा खाली सरकली असेल तर ती जवळपास नेहमी सेटिंगची चूक असते. बरोबर २० डीबीचा फरक म्हणजे प्रोबवर १०एक्स (सिग्नल दहाव्या हिश्श्यावर आणणारी सेटिंग) आणि चॅनलच्या मेन्यूत १एक्स, किंवा उलट. ६ डीबीचा फरक दिसला तर जनरेटरची लोड सेटिंग बघा, त्याचं आउटपुट ५० ओहमचं असतं, मेन्यूत ५० ओहम आणि प्रत्यक्षात हाय इम्पीडन्स (खूप जास्त विरोधाचा) लोड असेल तर व्होल्टेज आकड्यापेक्षा दुप्पट येतं. चॅनल १ खरंच सर्किटच्या इनपुट पिनवर असेल तर याचा रेशोवर परिणाम होत नाही, पण कोणी चॅनल १ वाचवून जनरेटरच्या आकड्यावरच गेन काढत असेल तर हा फरक थेट आलेखात शिरतो, वर सर्किटचं इनपुट इम्पीडन्स कमी असेल तर त्याची भर वेगळीच.

प्रोब

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. १०एक्स प्रोबमध्ये ९ मेगाओहम रेझिस्टर आणि त्याच्याबरोबर एक छोटा ॲडजस्टेबल कपॅसिटर असतो, तो स्कोपच्या १ मेगाओहम इनपुटच्या कपॅसिटन्सशी जुळवावा लागतो. त्यासाठीच स्कोपच्या पुढच्या पट्टीवर १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह दिलेली असते, तिचे कोपरे चौकोनी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. तो जुळलेला नसेल तर कमी फ्रिक्वेन्सीला गेन बरोबर येतो आणि काही किलोहर्ट्झनंतर रेघ एक पायरी चढून किंवा उतरून पुन्हा सपाट होते. अशी पायरी दिसली की सर्किटमध्ये पोल-झिरो (रेघेला वळण देणाऱ्या फ्रिक्वेन्सी) शोधायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर घ्यावा. प्रोब दुसऱ्या चॅनलला लावला तरी पुन्हा जुळवावा लागतो, हे फार लोक विसरतात.

१एक्सवर वेगळाच त्रास. प्रोबची केबल आणि स्कोपचं इनपुट मिळून १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स सर्किटवर टाकतात. १० किलोओहम आणि १ नॅनोफॅरडचा साधा आरसी लो पास घेतला तर कटऑफ (गेन ३ डीबीने उतरतो ती फ्रिक्वेन्सी) १५.९ किलोहर्ट्झ यायला हवा, १एक्स प्रोब लावला की कपॅसिटर १.१ नॅनोफॅरड झाल्यासारखा होतो आणि कटऑफ १४.५ किलोहर्ट्झ येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कपॅसिटर खोटा निघाला असं वाटतं, पण कपॅसिटर ठीक असतो. तोच १०एक्सवर, साधारण १२ पिकोफॅरड धरले तर, १५.७ येतो. शिवाय १एक्सवर बऱ्याच प्रोबची बँडविड्थ १० मेगाहर्ट्झच्याही आतच संपते.

ग्राउंडची लांब वायर हाही प्रोबचाच भाग. दर सेंटिमीटरला साधारण १० नॅनोहेन्री धरलं तर १५ सेंटिमीटरची मगरक्लिप १५० नॅनोहेन्री होते, प्रोबच्या १२ पिकोफॅरडबरोबर ती १२० मेगाहर्ट्झच्या आसपास रेझोनन्सला येते. २० मेगाहर्ट्झपर्यंतच मोजत असाल तर त्याने पाव डीबीच चढतो, पण वर जायचं असेल तर टोकावर बसणारी छोटी स्प्रिंगच वापरावी.

फेज

गेन बरोबर आणि फेज चुकीची असं झालं तर बहुतेक वेळा केबलच्या लांबीत फरक असतो. साध्या कोॲक्स केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे ५ नॅनोसेकंद लागतात. १ मेगाहर्ट्झला ते १.८ अंश, कोणी लक्षही देणार नाही, पण १० मेगाहर्ट्झला १८ अंश आणि २० ला ३६. फ्रिक्वेन्सीच्या सरळ प्रमाणात वाढत जाणारी फेज आणि गेनमध्ये काहीच बदल नाही, ही डिलेची खूण. दोन्हीकडे सारख्या केबल लावायच्या किंवा स्कोपमध्ये डिस्क्यू (दोन चॅनलमधला वेळेचा फरक भरून काढणारी सेटिंग) द्यायचा.

खालच्या टोकाला फेज बिघडली तर कपलिंग (चॅनल डीसी आत घेतो की अडवतो ती सेटिंग) बघा. एका चॅनलवर एसी आणि दुसऱ्यावर डीसी राहिलं असेल आणि स्कोपचा एसी कटऑफ १० हर्ट्झ असेल तर सरळ केबलने मोजताना १०० हर्ट्झलाही जवळपास ६ अंशांची चूक येते. एका चॅनलवर २० मेगाहर्ट्झचं बँडविड्थ लिमिट चालू राहिलं तर तसाच प्रकार वरच्या टोकाला. उणे १८० वरून एकदम अधिक १८० वर उडी मात्र बिघाड नसते, आलेखाची कड तिथे संपते इतकंच.

सिग्नल किती मोठा द्यायचा

माझ्या मते सगळ्यात फसवी चूक हीच आहे, कारण रेघ अगदी पुस्तकातल्यासारखी येते. ७४१ ऑपॲम्प १० गेनला लावला तर १ मेगाहर्ट्झच्या गेन बँडविड्थमुळे (गेन आणि कटऑफचा गुणाकार) कटऑफ १०० किलोहर्ट्झच्या आसपास यायला हवा. पण इनपुटला १ व्होल्ट पीक दिला तर आउटपुट १० व्होल्ट पीक होतं, आणि ७४१चा स्लू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद असल्यामुळे ८ किलोहर्ट्झलाच तो थकतो. पुढे आउटपुटचा त्रिकोण होतो आणि त्याची उंची दर डिकेडला (फ्रिक्वेन्सी दहापट झाली की) २० डीबीने पडते, म्हणजे अगदी खऱ्या सिंगल पोलसारखीच, त्यामुळे आलेखावरून ओळखता येतच नाही. इनपुट ५० मिलिव्होल्टवर आणून पुन्हा स्वीप घ्या, कटऑफ सरकला तर पहिली रेघ सर्किटची फ्रिक्वेन्सी मर्यादा दाखवत नव्हती. स्वीप चालू असताना वेव्हफॉर्म स्क्रीनवर ठेवता येत असेल तर तो बंद करू नये.

उलट बाजूला, फिल्टरच्या स्टॉपबँडमध्ये (फिल्टर अडवतो त्या फ्रिक्वेन्सींमध्ये) सिग्नल इतका लहान होतो की रेघ खाली जायची थांबून खरखरीत होते. ८ बिटच्या एडीसीला (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाला) एकाच व्होल्ट-डिव्हिजनवर ४८ ते ५० डीबीच जागा असते, म्हणून स्कोप प्रत्येक ठिपक्याला रेंज बदलत असतो, ती फिक्स करून ठेवली असेल तर मोकळी करा. १०एक्स प्रोब इथे २० डीबी खातो. १६ वेळा ॲव्हरेज घेतलं तर नॉइज १२ डीबीने उतरतो पण स्वीप तितकाच लांबतो. ५०, १०० आणि १५० हर्ट्झला टोचे दिसले तर ते मेन्सचे. चॅनल १ जनरेटरवरच ठेवून सर्किटचं इनपुट जनरेटरपासून सोडवून शॉर्ट केलं तरी रेघ तिथेच राहिली तर तो मोजणीचा तळ आहे, फिल्टरचा नाही.

अरुंद फिल्टर आणि क्रिस्टल

घड्याळाचा ३२७६८ हर्ट्झचा क्रिस्टल घ्या. क्यू (रेझोनन्स किती टोकदार त्याचा आकडा) ५०००० धरला तर बँडविड्थ ०.६५ हर्ट्झ येते. डिकेडला १०० ठिपके ठेवले तर तिथे दोन ठिपक्यांत साधारण ७५० हर्ट्झचं अंतर पडतं, शिखर मधल्यामधे निसटतं आणि क्रिस्टल मेलाय असा निष्कर्ष निघतो. फक्त ३२७५० ते ३२७९० असा छोटा पट्टा लिनिअर स्वीपने घ्यावा, आणि घाई करू नये, अशा क्रिस्टलचा टाइम कॉन्स्टंट जवळपास अर्धा सेकंद असतो, प्रत्येक ठिपक्याला दोन-तीन सेकंद थांबायची सोय स्कोपमध्ये नसेल तर हाताने मोजलेलं बरं.

पॉवर सप्लायचा लूप

पॉवर सप्लाय आपलं आउटपुट मागे आणून (फीडबॅक) स्वतःला सावरतो, तो लूप स्थिर आहे का हे बघायला फीडबॅकच्या वाटेत १० ते ५० ओहमचा रेझिस्टर घालून ट्रान्सफॉर्मरमधून सिग्नल सोडतात आणि रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना प्रोब लावतात. कमी फ्रिक्वेन्सीला लूप गेन ५० डीबी असेल तर १०० मिलिव्होल्ट सोडूनही एका टोकाला ०.३ मिलिव्होल्टच उरतो, म्हणून तिथे सिग्नल मोठा आणि गेन ० डीबी होतो त्या क्रॉसओव्हरजवळ लहान, असा फ्रिक्वेन्सीनुसार बदलता ठेवावा. क्रॉसओव्हरला सिग्नल अर्धा केल्यावर फेज मार्जिन (लूप अस्थिर व्हायला किती अंश बाकी आहेत ते) बदललं तर आधीचा सिग्नल जास्त होता. स्कोपच्या सगळ्या चॅनलचं ग्राउंड एकच असतं आणि ते मेन्सच्या अर्थला जोडलेलं असतं, त्यामुळे एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरी, म्हणजे मेन्सच्या बाजूला साध्या प्रोबची क्लिप लावायची नाही, तिथे डिफरेन्शियल प्रोबच हवा, आणि स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून काम भागवणं जिवावर बेतू शकतं.