वाराचा क्षय

९ जुलै १५२२. आफ्रिकेच्या पश्चिमेला, केप व्हर्द बेटांपैकी सांतियागोच्या किनाऱ्याशी ‘व्हिक्टोरिया’ नावाचं जहाज येऊन थांबलं. माणसं भुकेने हैराण झाली होती. अन्न आणायला होडी सोडली, तेव्हा जाणाऱ्यांना आणखी एक काम सांगितलं गेलं : आज कोणता वार आहे, तेवढं विचारून या. बेटावरचे पोर्तुगीज म्हणाले, गुरुवार.

जहाजावर बुधवार होता.

आंतोनिओ पिगाफेत्ता हा इटालियन गृहस्थ जहाजावर रोजनिशी लिहीत होता. आपण कधी आजारी पडलो नाही, त्यामुळे लिहिण्यात एका दिवसाचाही खंड नाही, असं तो सांगतो. तरीही एक दिवस कमी भरत होता. २० सप्टेंबर १५१९ रोजी मॅगेलन या दर्यावर्दीच्या हाताखाली पाच जहाजं स्पेनहून पश्चिमेकडे निघाली होती. मॅगेलन फिलिपिन्समधल्या माक्तान बेटावरच्या लढाईत मारला गेला, बाकीची जहाजं एकेक करून गळाली, आणि ६ सप्टेंबर १५२२ रोजी हुआन सेबास्तियान एल्कानो पृथ्वीला पुरी फेरी मारून लवंगांनी भरलेली एकटी व्हिक्टोरिया घेऊन स्पेनमधल्या सानलुकारला पोहोचला तेव्हा तिच्यावर अठरा युरोपियन उरले होते. एवढं सगळं सोसून आलेल्या या लोकांना घोर लागला तो वारांचा. वारच चुकले असतील तर शुक्रवारी मांस खाल्लं गेलं, सण भलत्याच दिवशी साजरे झाले! कोणाचा गुरुवारचा उपवास नकळत शुक्रवारी घडला तर घरात काय होईल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्या पंचांगात तिथीचा क्षय होतो, वृद्धीही होते. वाराचं मात्र तसं कधी होत नाही. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत एक वार, असा सरळ हिशेब. मग तो मोडला कसा?

समजा, तुम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसला आहात आणि एक धावपटू फेऱ्या मारतोय. तो जितक्या फेऱ्या मारील तितक्या वेळा तुमच्या पुढून जाईल. आता तुम्ही उठलात आणि तो धावतोय त्याच दिशेने रमतगमत एकच फेरी मारून जागेवर येऊन बसलात. तेवढ्या वेळात कट्ट्यावर बसून राहिलेल्या तुमच्या मित्राने त्याला जितक्यांदा पाहिलं, त्यापेक्षा तुम्ही एकदा कमी पाहिलंत. तुम्ही उलट दिशेने चालला असता तर एकदा जास्त दिसला असता. तुम्ही किती हळू चाललात, मध्ये भेळ खायला किती थांबलात, याने काही फरक पडत नाही. फेरी पुरी झाली की एकचा फरक पडणारच.

इथे धावपटू म्हणजे आकाशातला सूर्य. तो पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, आणि व्हिक्टोरियाही पश्चिमेकडेच जात राहिली. तिच्या सफरीचे सुमारे १०८२ दिवस होतात. चोवीस तास त्यांत वाटले तर जहाजावरचा प्रत्येक दिवस सरासरी ऐंशी सेकंदांनी लांबला. एवढं कोणाच्या ध्यानात येणार? गंमत म्हणजे सीरियातला भूगोलकार अबुल फिदा याने दोनशे वर्षं आधीच हे कागदावर सोडवून ठेवलं होतं : एक जण घरी बसला, एक पूर्वेला गेला, एक पश्चिमेला गेला, तर परत भेटल्यावर तिघांचे वार जुळणार नाहीत. पिगाफेत्तालाही पुढे हा उलगडा झाला.

हिशेब कळला म्हणून घोळ मिटला असं मात्र नाही. पोर्तुगीज पूर्वेकडे जात, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून गोव्याला आणि तिथून पुढे मकावला पोहोचले. स्पॅनिश लोक मेक्सिकोहून पश्चिमेकडे जात मनिलाला आले. दोघांनीही आपापल्या घरचे वार सोबत आणले. परिणामी मकावला रविवार तेव्हा शेजारच्या मनिलाला शनिवार, आणि हे चाललं अडीचशेहून जास्त वर्षं! शेवटी १८४४ साली फिलिपिन्सने ३१ डिसेंबर हा दिवसच गाळला. वार जिथे बदलतो ती आजची वाररेषा पॅसिफिकमधून जाते, पण ती कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने आखलेली नाही. म्हणून तर सामोआला २०११ मध्ये २९ डिसेंबरचा गुरुवार संपल्यावर थेट ३१ तारखेच्या शनिवारी उठता आलं.

आपल्याकडची नोंद उलट्या दिशेची आहे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. दक्षिण महासागरातले जोरकस वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे बोट पूर्वेकडे हाकारायची. मुंबईत २७३ दिवस गेले, बोटीवर सूर्य उगवला २७४ वेळा. म्हणजे रोजचा दिवस सरासरी सव्वापाच मिनिटांनी आखूड. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून कुठेही न थांबता पाचेक महिन्यांत प्रदक्षिणा पुरी केली. त्यांचा दिवस रोज साडेनऊ मिनिटांच्या आसपास आखडत होता.

अर्थात हा सगळा मोजणीचा खेळ. व्हिक्टोरियावरचा कोणी एका दिवसाने तरुण राहिला नाही, दोंदे एका दिवसाने म्हातारे झाले नाहीत. पण जगप्रदक्षिणेने खरोखरच वेळात फरक पडतो का?

ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी सीझियमची चार अणुघड्याळं घेऊन साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीला दोन फेऱ्या मारल्या, एक पूर्वेकडे जात, एक पश्चिमेकडे जात. घड्याळांसाठी सीट काढली होती, नाव ‘मिस्टर क्लॉक’. परत आल्यावर ती अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतल्या घड्याळांशी ताडून पाहिली. पूर्वेकडे गेलेली सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती, पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली होती. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताप्रमाणे उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे घड्याळ थोडं जलद चालतं, ते दोन्ही फेऱ्यांत; आणि वेग जास्त तितकं घड्याळ मंद. दिशेचा फरक पडतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे. पूर्वेकडे जाताना विमानाचा वेग तिच्या वेगात मिळतो आणि घड्याळ मंदावतं. पश्चिमेकडे जाताना तो त्यातून वजा होतो.

समुद्रावर उंचीचा प्रश्नच नाही, उरते फक्त दिशा. तो हिशेब व्हिक्टोरियाला लावला की मजा येते. रोजनिशीप्रमाणे एक दिवस मागे असलेले ते अठरा जण किनाऱ्यावर थांबलेल्यांपेक्षा प्रत्यक्षात किंचित जास्त जगून आले होते, फार तर दोनशे नॅनोसेकंदांनी. आणि एक सूर्योदय जास्त मोजून मुंबईला लागलेली म्हादेई खऱ्या वेळात कणभर मागे होती.