निवडणूक खर्चमर्यादा घटनादुरुस्ती (अमेरिका)

निवडणूक प्रचारातील पैशाला मर्यादा घालण्याचा स्पष्ट अधिकार काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) आणि राज्यांना मिळावा, यासाठी अमेरिकेत वेळोवेळी मांडलेली घटनादुरुस्ती. ती अद्याप संमत झालेली नाही. साध्या कायद्याने हे काम भागत नाही, हीच खरी अडचण आहे.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७४ मध्ये, काँग्रेसने देणग्या आणि खर्च या दोन्हींवर मर्यादा घातल्या. ‘बक्ली विरुद्ध व्हॅलेओ’ (१९७६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणग्यांची मर्यादा राखली, खर्चाची मात्र रद्द केली. आपले म्हणणे लोकांपर्यंत पोचवायला पैसा लागतोच, तेव्हा खर्चाला आळा म्हणजे भाषणस्वातंत्र्याला आळा, असे न्यायालयाचे मत पडले. २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने, ५ विरुद्ध ४ मतांनी, कंपन्या व कामगार संघटनांनाही उमेदवारापासून स्वतंत्रपणे हवा तेवढा प्रचारखर्च करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी अमर्याद देणग्या घेणाऱ्या ‘सुपर पॅक’ समित्या उभ्या राहिल्या.

या निकालांची झळ मोंटाना राज्याइतकी क्वचितच कुणाला लागली असेल. पूर्वी सिनेटर, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाचे (सिनेटचे) सदस्य, राज्याचे विधिमंडळ निवडत असे. १८९९ मध्ये फ्रेड व्हाइटसाइड या आमदाराने ३०,००० डॉलरच्या नोटांची पाकिटे विधिमंडळापुढे ठेवली. तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क मते विकत घेत आहेत, असा त्यांचा आरोप होता. क्लार्क तरीही निवडून आले; सिनेटच्या चौकशीनंतर १९०० मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. १९१२ मध्ये मतदारांनीच कायदा करून कंपन्यांचा पैसा निवडणुकीतून हद्दपार केला. शंभर वर्षे टिकलेला तो कायदा २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीही न घेता निकालात काढला. त्याच नोव्हेंबरात मोंटानाच्या सुमारे तीनचतुर्थांश मतदारांनी घटनादुरुस्तीच्या मागणीला कौल दिला. सिनेटरांची थेट निवडणूकही १९१३ च्या घटनादुरुस्तीनेच आली होती, हे इथे विसरून चालणार नाही.

वाट मात्र बिकट आहे. दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते आणि नंतर ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. सिनेटर टॉम उडॉल यांचा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव सप्टेंबर २०१४ मध्ये सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४२ वर अडला. चर्चा संपवायलाच ६० मते हवी होती. सत्ताधारी याच अधिकाराने टीकाकारांचे तोंड बंद करतील, ही विरोधकांची भीती हलक्यात घेण्यासारखी नाही. वृत्तपत्रस्वातंत्र्याला धक्का लागणार नाही, असे कलम उडॉल यांच्या मसुद्यात होते. पण वृत्तपत्र कुणाला म्हणायचे, हा प्रश्न उरतोच.

भारतात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच आधार उलट बाजूने उपयोगी पडला. देणगीदार कोण हे जाणण्याचा मतदाराचा हक्क कलम १९(१)(अ) मध्ये येतो, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द केले. खर्चाची मर्यादा मात्र इथे फक्त उमेदवाराला आहे: महाराष्ट्रात लोकसभेसाठी ९५ लाख रुपये. पक्षाने किती खर्च करावा, याला कायद्यात मर्यादाच नाही.