बूट वेट (घरगुती राउटर)

बूट वेट म्हणजे राउटरला करंट मिळाल्यावर फर्मवेअर (राउटरचं मुख्य सॉफ्टवेअर) सुरू करायच्या आधी बूटलोडर (ते सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) मुद्दाम थोडा वेळ थांबतो ते. डीडी-डब्ल्यूआरटी या, कंपनीच्या फर्मवेअरऐवजी टाकता येणाऱ्या, फर्मवेअरमध्ये हे सेटिंग अॅडमिनिस्ट्रेशनच्या पानावर असतं आणि हा वेळ 5 सेकंद दिलेला आहे. राउटर पटकन चालू व्हावा म्हणून बरेच जण हे बंद करून टाकतात, पण तसं अजिबात करू नका, कारण एखाद्या दिवशी याच 5 सेकंदांवर राउटर वाचतो.

हा सगळा प्रकार लोकांना माहीत झाला तो लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी मुळे. हा राउटर 2002 च्या डिसेंबरमध्ये आला, आत लिनक्स निघालं, मग त्याच्या जीपीएल लायसन्समुळे (यात कोड खुला ठेवायची अट असते) 2003 मध्ये कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला आणि 2004 मध्ये त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर सुरू झालं. यातला ब्रॉडकॉमचा बूटलोडर म्हणजे सीएफई. फर्मवेअरचा चेकसम (फाइल धड आहे का हे तपासायचा आकडा) चुकीचा निघाला तर सीएफई स्वतःच थांबून नवीन फाइलची वाट बघतो, पण खरी अडचण वेगळीच असते, फाइल धड असते आणि सेटिंग असं काही चुकलेलं असतं की राउटर चालू होता होता लटकतो. अशा वेळी बूट वेट चालू असेल तरच आत शिरायला फट मिळते.

ती फट डोळ्यांनी दिसते. कॉम्प्युटर लॅन केबलने जोडायचा, त्याला 192.168.1.2 असा फिक्स आयपी द्यायचा, एका विंडोत 192.168.1.1 ला, म्हणजे राउटरला, सतत पिंग (उत्तर येतं का बघणारा छोटा संदेश) चालू ठेवायचं आणि मग राउटरचा अॅडॅप्टर लावायचा. सुरुवातीच्या काही उत्तरांत टीटीएल (प्रत्येक उत्तरासोबत दिसणारा एक आकडा) 100 दिसतो, तो सीएफईचा, नंतर लिनक्स उठलं की तोच 64 होतो. 100 दिसतोय म्हणजे बूटलोडर जिवंत आहे, तेवढ्यात टीएफटीपीने (फाइल पाठवायची एक साधी पद्धत) फर्मवेअर पाठवायचं, बायनरी मोड विसरायचा नाही, आणि नंतर काही मिनिटं कशालाच हात लावायचा नाही. आपल्याकडे फ्लॅशिंग (फर्मवेअर राउटरमध्ये लिहिणं) चालू असताना लाईट जाणं ही राउटर ब्रिक, म्हणजे निकामी, व्हायची अगदी खरी भीती आहे, त्यामुळे इन्व्हर्टर नसेल तर निदान 12 व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावूनच हे काम करा (अॅडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आधी बघून घ्या, काही राउटर 9 व्होल्टचे असतात). ओपनडब्ल्यूआरटीमध्ये याच्या पुढची पायरी म्हणजे फेलसेफ मोड, बूट होताना राउटरवरचा छोटा दिवा फडफडला की बटण दाबायचं, मग बिघडलेली सेटिंग्ज बाजूला ठेवून राउटर चालू होतो.

वायफायमध्येही असंच थांबणं आहे. 5 गिगाहर्ट्झवर डीएफएसचा (रडारसोबत वाटून घ्यावा लागणारा) चॅनल निवडला, उदाहरणार्थ 52 किंवा 100, तर राउटर आधी साधारण 60 सेकंद नुसता ऐकत बसतो, आसपास रडार नाही ना हे बघायला. लोकांना वाटतं 5 गिगाहर्ट्झ गेलं, मग परत रिस्टार्ट करतात आणि ती 60 सेकंदं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6, 11 यातलाच एक चॅनल आणि 20 मेगाहर्ट्झ रुंदी, बिल्डिंगमध्ये राहत असाल तर दुसरं काही करूच नका.

पण परफॉर्मन्समध्ये सगळ्यात जास्त फरक पडतो तो एसक्यूएमने (राउटरमधली पॅकेटची रांग सांभाळणारं सेटिंग), आणि तिथेही वेग थोडा कमीच करायचा असतो. घरात कुणी मोठा व्हिडिओ अपलोड करायला घेतला की मॉडेमच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, तुंबतात आणि व्हिडिओ कॉलची छोटी पॅकेट टोलनाक्यावर कंटेनरच्या रांगेत अॅम्ब्युलन्स अडकावी तशी मागे राहतात. याला जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमाराला बफरब्लोट असं नाव दिलं, 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही रांग आटोक्यात ठेवायची पद्धत मांडली, त्यावरून एफक्यू-कोडेल आलं आणि 2018 मध्ये लिनक्स 4.19 मध्ये केक ही त्याच प्रकारची पद्धत आली. बफरब्लोटवर काम करणारे डेव्ह ताट यांनी या कामासाठी आयुष्याची कित्येक वर्षं दिली, आज घरचा कॉल नीट चालतो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

लावायचं कसं, तर लाईन खरोखर 100 एमबीपीएस देत असेल तर एसक्यूएममध्ये 90 ते 95 टाकायचं, अपलोड आणि डाउनलोड दोन्हीला वेगवेगळं, म्हणजे रांग मॉडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागते आणि तिथे ती सांभाळता येते. याला सीपीयू लागतो, जुन्या 200 मेगाहर्ट्झच्या राउटरकडून मोठ्या फायबर लाईनची अपेक्षा ठेवू नका, आणि हार्डवेअर फ्लो ऑफलोड (पॅकेट सीपीयूला न विचारता थेट पुढे पाठवायची सोय) चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून निघून जातात. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडलं जाणारं कनेक्शन) असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) 1500 बाइट नाही, 1492, कारण 8 बाइट हेडरमध्ये जातात.

आकडा बरोबर बसला का हे बघायला एका बाजूला मोठी फाइल अपलोडला लावा आणि दुसऱ्या बाजूला पिंग चालू ठेवा, पिंगचा वेळ वर चढत गेला तर आकडा अजून थोडा खाली आणा आणि परत बघा.