टाळ एकाकडे, पखवाज दुसऱ्याकडे : मोटारीतील क्रॉसओव्हरचे शास्त्र

भजनाचे चांगले ध्वनिमुद्रण मोटारीत कंपनीनेच बसवून दिलेल्या यंत्रणेवर लावले, तर बहुधा गाणाऱ्याचा आवाज तेवढा ठीक ऐकू येतो. पखवाजाचा घुमारा कोरडा पडतो आणि टाळांचा खणखणाट कुठेतरी पायाशी दबून जातो. बेताच्या किमतीच्या मोटारीत दारामधल्या स्पीकरच्या सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाच्या एकाच कागदी शंकूकडून, २० ते २०,००० हर्ट्झ या मानवी श्रवणकक्षेतले जमेल तेवढे सगळे काम करून घेतलेले असते. टाळ आणि पखवाज यांच्या गरजा मात्र एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

खालच्या स्वरासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते. वारंवारता निम्मी झाली की तेवढाच आवाज काढण्यासाठी शंकूला चौपट अंतर मागेपुढे जावे लागते. म्हणजे १६० हर्ट्झवर जो शंकू आरामात हलतो, त्याला ४० हर्ट्झवर सोळापट हालचाल करावी लागेल, आणि ती त्याच्या आवाक्यात नसते. वरच्या टोकाला अडचण वेगळी आहे. १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते, आणि ज्या शंकूचा व्यास तरंगलांबीहून मोठा, तो आवाज चहूकडे न पसरवता विजेरीच्या झोताप्रमाणे समोर फेकतो. दारातल्या स्पीकरच्या समोर असतात आपले पाय. १६ सेंटिमीटरच्या स्पीकरमध्ये हा परिणाम अडीच-तीन हजार हर्ट्झपासून जाणवू लागतो, म्हणून तिथून पुढचे काम खिडकीच्या खांबाजवळ बसवलेल्या लहानशा ट्वीटरकडे आणि ८० हर्ट्झखालचे काम डिकीतल्या सबवूफरकडे सोपवणे श्रेयस्कर ठरते. ही वाटणी करणाऱ्या विद्युत मंडलाला (सर्किटला) क्रॉसओव्हर म्हणतात.

या मंडलाचे सर्वांत साधे रूप म्हणजे ट्वीटरच्या तारेत जोडलेला एक कपॅसिटर. वारंवारता जितकी कमी तितका कपॅसिटरचा अडथळा जास्त, त्यामुळे खालचे स्वर त्याच्यापाशीच अडतात. ४ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, तर सीमारेषा सुमारे ४,००० हर्ट्झवर पडते. ही रेषा कुंपणासारखी नसून उतारासारखी असते, आणि हा उतार अगदी सौम्य, म्हणजे दर सप्तकाला ६ डेसिबलचा असतो. दोन सप्तके खाली, १,००० हर्ट्झवरही, मूळ शक्तीचा सुमारे सोळावा हिस्सा ट्वीटरपर्यंत पोहोचतोच. आवाज वाढवला की ट्वीटर किरकिरा होतो, त्याचे एक कारण हे आहे. कपॅसिटरच्या जोडीला कॉइल घातली की उतार १२ डेसिबलचा होतो. परंतु मग नवीच गुंतागुंत निर्माण होते. सीमारेषेवर वूफर (म्हणजे दारातला मोठा स्पीकर) आणि ट्वीटर यांच्या कंपनांत अर्ध्या आवर्तनाचा फरक पडतो, म्हणजे एक हवा दाबत असताना दुसरा तीच हवा ओढत असतो, आणि नेमक्या त्या ठिकाणी आवाजाला खड्डा पडतो. हा खड्डा अडीच ते साडेतीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे आपला कान सर्वाधिक संवेदनशील असतो, तिथेच पडल्याने शब्दांतील व्यंजने अस्पष्ट होतात. यासाठीच अशा मंडलात ट्वीटरच्या तारा बहुधा मुद्दाम उलट्या जोडतात.

याहून देखणे उत्तर सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडले. ते त्या वेळी ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत अभियंता होते, आणि सहकारी रस रायली यांचे नाव त्यांच्या नावासोबत या मंडलाला कायमचे चिकटले. त्यात दर सप्तकाला २४ डेसिबलचा तीव्र उतार असतो, आणि सीमारेषेवर दोन्ही स्पीकर प्रत्येकी निम्मा ध्वनिदाब देतात, परंतु एकाच वेळी आत आणि एकाच वेळी बाहेर हलतात. त्यामुळे दोन निम्मे मिळून एक पूर्ण होतो, खड्डाही पडत नाही आणि उंचवटाही येत नाही. आज डिजिटल ध्वनिप्रक्रियक, म्हणजे डीएसपी, असलेल्या अॅम्प्लिफायरमध्ये हा पर्याय नुसता निवडावा लागतो. सुरुवात कुठून करावी असे कुणी विचारले, तर मी हाच निवडायला सांगेन.

वॉटच्या आकड्यांना मात्र आपण फार भुलतो. डेकवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या गाण्यांच्या यंत्रावर, ‘५० वॉट गुणिले ४’ असे छापलेले असते, आणि तो आकडा गणिताने तपासता येतो. इंजिन चालू असताना मिळणारे १४.४ व्होल्ट वर्ग करून ४ ओहमने भागले की ५२ वॉट येतात. परंतु ती शक्ती वरून आणि खालून कापल्या गेलेल्या चौकोनी लहरीची, म्हणजे संपूर्ण विकृत आवाजाची असते. शुद्ध लहरीला त्याच व्होल्टेजवर जास्तीत जास्त २६ वॉट, आणि मंडलातील घट धरता २० वॉटच्या आसपासच मिळतात. शक्ती दुप्पट केल्याने फक्त ३ डेसिबलची भर पडते, हेही लक्षात घ्यावे. याउलट दारातल्या स्पीकरवरचा ८० हर्ट्झखालचा भार काढून घेतला, तर त्याच २० वॉटमध्ये तो कितीतरी मोकळा वाजतो, आणि यासाठी एक रुपयाही लागत नाही. कित्येक जण डिकीत बेस ट्यूब (नळीच्या आकाराचा सबवूफर) टाकतात आणि दारांचे स्पीकर मात्र पूर्ण पट्ट्यावर तसेच चालू ठेवतात, हे पाहून वाईट वाटते. कारण मग तोच बेस दोन ठिकाणांहून निघतो आणि कुठेच नीट लागत नाही.

पहिला खर्च दारावर करावा, असे माझे मत आहे. शंकू पुढे हवा दाबतो तेव्हा मागे ती विरळ करतो, आणि आतल्या पत्र्याला असलेल्या मोठ्या भोकांतून मागची लहर पुढे येऊन पुढच्या लहरीला खोडून काढते. ती भोके बंद करून पत्र्यावर ब्यूटाइल रबराचे डॅम्पिंग, म्हणजे थरथर शोषणारे आवरण, लावले, तर जुनाच स्पीकर खालच्या स्वरांत भरीव वाटू लागतो. दाराच्या तळाशी असलेली पाणी निघून जाण्याची छिद्रे मात्र कधीही बुजवू नयेत. आपल्याकडच्या पावसात दार आतून गंजेल.

आता चालकाच्या जागेचा प्रश्न उरतो. आपल्या मोटारींत चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्या कानापासून ९० सेंटिमीटरवर आणि डावा १४० सेंटिमीटरवर आहे, असे समजू. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा डाव्या बाजूचा आवाज साधारण दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि आपला मेंदू आधी पोहोचलेल्या दिशेलाच आवाजाचे उगमस्थान मानत असल्याने गायक उजव्या दारात जाऊन बसतो. शिवाय ५० सेंटिमीटरचा फरक ही ३४० हर्ट्झच्या आसपासच्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी आहे. गळ्याच्या ऐन पट्ट्यातला तो स्वर चालकापाशी क्षीण होतो. हे दोष इक्वलायझरने दूर होत नाहीत. त्यासाठी डीएसपीमध्ये उजव्या स्पीकरला तेवढाच विलंब द्यावा लागतो, आणि तो प्रत्येक स्पीकरचे अंतर फीतपट्टीने मोजूनच ठरवावा.

सबवूफर सर्वांत शेवटी जुळवावा. ८० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सव्वाचार मीटरहून अधिक, म्हणजे मोटारीच्या अंतर्भागापेक्षाही मोठी असते, त्यामुळे तो कुठून येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही. मात्र डिकीचा पत्रा थरथरू लागला की ती थरथर उच्च स्वरांत असल्याने लगेच मागची दिशा दाखवते, म्हणून आधी सैल नंबरप्लेट आणि डिकीचे झाकण घट्ट करावे. मग पखवाजाचे ध्वनिमुद्रण लावून, चालकाच्या जागी बसून, सबवूफरची कला (फेज, म्हणजे शंकूच्या आत-बाहेर हालण्याची वेळ) शून्य आणि १८० अंश अशी आलटून पालटून ऐकावी. ज्या स्थितीत ८० हर्ट्झच्या आसपासचा ठोका अधिक भरीव लागतो, ती बरोबर. आणि त्यानंतर सबवूफरचा आवाज हळूहळू कमी करत, पखवाज मागून न येता समोर, गायकाच्या शेजारी येऊन बसेल, तिथे थांबावे.