फिटच्या गोळ्या (सुरक्षित वापर)

अपस्मार, मिरगी, फेफरे ही एकाच आजाराची नावे; मराठवाड्यात बोलताना ‘फिट’ किंवा ‘झटके’ म्हणतात. त्यावरच्या गोळ्या आजार मुळापासून काढत नाहीत, मेंदूतील विजेचा उद्रेक दाबून धरतात. रक्तातले औषध उतरले की हा दाब सुटतो. म्हणून गोळीच्या दुष्परिणामांपेक्षा ती मध्येच बंद पडण्याचा धोका मोठा. फेनोबार्बिटोन किंवा क्लोबाझम एकदम बंद केले, तर एकामागून एक झटके येऊ शकतात.

खंड पडण्याची इथली कारणे ठरलेली आहेत. बीड, धाराशिव, जालना भागांतल्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात; हातात गोळ्या असतात महिनाभराच्या. रोज दोन गोळ्या म्हणजे महिन्याला 60. दहा दिवसांच्या, म्हणजे 20 उरल्या की पुढच्या आणायच्या. निघताना औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेली चिठ्ठी सोबत घ्यावी, तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. उपवासाला गोळी टाळू नये. रोज्यात सहेरी आणि इफ्तारला बसतील अशा वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात. जागरण स्वतःच फिट आणते, मग ते गोंधळाचे असो की रात्रीच्या लायटीवर पाणी देण्याचे.

एखादी वेळ चुकली तर आठवताच गोळी घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. लॅमोट्रिजिन पाचेक दिवस सुटले असेल तर जुन्या डोसवर परस्पर परतू नये. ते पुन्हा कमी मात्रेपासून चढवावे लागते, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइननेही पुरळ उठते. ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

फेनिटॉइनचा हिशेब विचित्र आहे. 300 मिलिग्रॅमचे 400 केले की रक्तातले प्रमाण तेवढ्याच पटीत वाढत नाही, दुपटीच्याही पुढे जाऊ शकते. मग चालताना तोल जातो, जीभ जड होते, एकाचे दोन दिसतात, आणि माणूस दारू प्यायला असे लोकांना वाटते. याचे पातळ औषध तळाशी बसते. बाटली न हलवता दिले तर सुरुवातीला मुलाला फिकट औषध मिळते आणि शेवटचे चार डोस जहाल होतात. घरातला चमचा वापरू नये. मापाची टोपी किंवा सिरिंज घ्यावी.

दुसऱ्या आजारासाठी दवाखान्यात गेल्यास फिटची गोळी चालू असल्याचे आधी सांगावे. ट्रॅमॅडॉल आणि ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे फिटला वाट करून देतात. क्षयाच्या औषधांतले आयसोनियाझिड फेनिटॉइन वाढवते, रिफाम्पिसिन ते घटवते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटोन माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा जोर कमी करतात. तांबीवर परिणाम होत नाही. व्हॅल्प्रोएटने गर्भात व्यंग येण्याचा आणि मुलाच्या बुद्धीवर परिणाम होण्याचा धोका बराच आहे. त्यामुळे लग्न ठरलेल्या मुलीने आजार लपवण्यापेक्षा गर्भ राहण्याआधीच गोळी बदलण्याबद्दल विचारावे. दिवस गेल्याचे कळल्यावर स्वतःहून गोळी फेकून देणे मात्र घातक. आईला फिट आली तर बाळालाही इजा होऊ शकते.

टोपिरामेटने घाम कमी येतो. मे महिन्यात पारा 42 अंशांवर असताना लहान मूल तापून निघते. त्याला उन्हात पाठवू नये आणि मुतखडा टाळण्यासाठी पाणी भरपूर द्यावे. गोळ्या चुलीजवळच्या देवळीत किंवा पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नयेत, खालच्या थंड कोपऱ्यात पाकिटासह ठेवाव्यात.

साधारण दोन वर्षे फिट आली नाही तर डॉक्टर डोस हळूहळू, महिन्यांच्या टप्प्यांनी उतरवू शकतात. या काळात, तसेच औषध नव्याने लावल्यावर वा बदलल्यावर, विहिरीचा काठ, कडबाकुट्टी आणि मोटारसायकल टाळावी.

फिट चालू असताना तोंडात गोळी, पाणी, चमचा काहीही घालू नये. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ जातो तेवढाच. कुशीवर वळवून घड्याळ बघावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करावा आणि गोळ्यांचे पाकीट गाडीत सोबत द्यावे.