आनुवंशिक मोटर न्यूरॉन डिसीज

मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या ज्या पेशी स्नायूंना हलवतात त्याच हळूहळू मरत जातात, तो आजार म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज. त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार एएलएस (अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस). बहुतेक पेशंटच्या घरात आधी कुणालाच हा झालेला नसतो, १०० पैकी साधारण ५ ते १० जणांच्याच घराण्यात तो आढळतो.

या आजाराला कारण ठरणारा पहिला जीन १९९३ साली सापडला, २१व्या क्रोमोसोमवरचा एसओडी१. आधी वाटलं की त्यावरून बनणारं एन्झाइम (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रोटीन) काम करेनासं होतं म्हणून आजार होतो, पण तसं नाहीये, बिघडलेलं प्रोटीन नीट घडी न पडता पेशीत साचत जातं आणि तेच विषारी ठरतं, म्हणजे औषधानं ते प्रोटीन वाढवायचं नाही तर कमी करायचं. पुढे २००८ मध्ये टीएआरडीबीपी, २००९ मध्ये एफयूएस आणि २०११ मध्ये सी९ओआरएफ७२ सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत हा शेवटचाच सगळ्यात कॉमन, आशियात मात्र एसओडी१ जास्त दिसतो. सी९ओआरएफ७२ मध्ये डीएनएची जीजीजीजीसीसी ही सहा अक्षरं निरोगी माणसात थोड्याच वेळा येतात, पेशंटमध्ये शेकडो, कधी हजारो वेळा. आणि याच बिघाडाने एका भावाला एएलएस होतो तर दुसऱ्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (वागणं-बोलणं बदलून टाकणारा मेंदूचा आजार), म्हणून फॅमिली हिस्टरी घेताना "हातपाय लुळे पडलेलं कुणी होतं का" एवढंच विचारून भागत नाही, उतारवयात कुणाचं वागणं-बोलणं पार बदललं होतं का हेही विचारायलाच हवं.

बहुतेक वेळा आई किंवा वडील, एकाकडूनच आलेली जीनची बिघडलेली कॉपी पुरते, प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता ५० टक्के. पण कॉपी मिळाली म्हणजे आजार होणारच असं अजिबात नाही, काहींना म्हातारपणापर्यंत काहीही होत नाही, आणि हे घरच्यांना कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं. उलट बाजूही आहे, घरात कुणालाच नव्हतं अशा काही पेशंटमध्येही हेच बिघाड निघतात.

लक्षणं नसताना टेस्ट करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, तेही काउन्सेलिंगनंतरच. लहान मुलांची अशी टेस्ट सहसा करत नाहीत.

एसओडी१ वाल्यांसाठी टोफरसेन नावाचं औषध आहे, २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, ते कमरेतून मणक्यातल्या पाण्यात इंजेक्शनने देतात आणि ते एसओडी१ प्रोटीन बनणंच कमी करतं. बाकीच्या जीन्सवर त्याचा उपयोग नाही. आता लक्षणं यायच्या आधीच, रक्तात न्यूरोफिलामेंट (मज्जापेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) वाढायला लागल्याबरोबर ते सुरू केलं तर आजार लांबवता येतो का, याची अ‍ॅटलास नावाची ट्रायल हाती घेतलीय.